भिंतीला पाठ लावून

दुकानदार म्हणतो, मॅडम, हा घ्या,
सोळाचा आहे, पर्समध्ये मावतो.
हा दुसरा दहाचा.
यात अख्खं राळेगाव बसेल, वरून बसस्टँडही.
मी एक या हातात धरते, एक त्या हातात.
वजन सारखंच.
फरक आठ हजारांचा,
म्हणजे पासपोर्ट फोटोंचे एकशे साठ संच,
म्हणजे एकशे साठ वेळा
"हनुवटी थोडी खाली."

मला काही कलाकृती करायची नाही.
भोयरसाहेबांच्या लेआउटमधली रो-हाउसं आहेत.
नऊ बाय दहाची बेडरूम.
तिचा फोटो काढायला मी संडासात उभी राहते,
पाठ टाइल्सला, एक पाय बादलीशी अडलेला,
श्वास आत,
आणि तरी पलंगाचा एक खूर बाहेर राहतोच.
भोयर फोनवर पाहून म्हणतात,
"काहून वो, हॉल एवढासाच दिसून राह्यला?
मोकळा करा ना जरा, बाप्पा."
जशी मी गवंडी.

त्यात मे महिना.
खिडकीतून ऊन येतं ते पांढरंफट्ट,
खोली सांभाळावी तर खिडकी जळते,
खिडकी सांभाळावी तर खोलीत रात्र होते.
मागचा, उधारीचा कॅमेरा
व्हिडिओच्या सातव्या मिनिटाला तापला,
पडद्यावर थर्मामीटरचं चित्र काढलं न् गप झाला.
ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून
माठाजवळ ठेवला अर्धा तास.
कुलूप उघडायला आलेला पोऱ्या म्हणाला,
ताई, याले कांदा बांधा.

त्याच कॅमेऱ्याला दहाची भिंगं लावून
मी नथ्थूजी कुंभलकरांचं घर काढलं होतं.
जिनिंगमधले फिटर, रिटायर झालेले,
दोन खोल्या न् पत्र्याची पडवी,
लेकाकडे नागपूरला जायचं म्हणून विकायला काढलेलं.
फोटोत स्वयंपाकघर
लग्नाच्या हॉलसारखं आलं.
ओटा दूर पळाला,
दार इतकं लांब गेलं की हाक मारावी लागेल.
कोपऱ्यातला सिलिंडर
भोपळ्यासारखा फुगून आडवा झाला.

नथ्थूजींनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.
इंदूबाई पदराला हात पुसत आल्या.
त्यांनीही पाहिलं.
मग म्हणाल्या, मोठ्यानं नाही, पण मला ऐकू आलं,
"एवढं मोठं होतं,
त मंग आपुन चौघं इतके चिटकून काहून झोपत होतो?"

नथ्थूजी हसले.
मग नाही हसले.

घर विकलं गेलं. घेणारा पुण्याहून आला,
सोफ्याचं माप कागदावर लिहून आणलेलं.
दारात उभा राहून कागदाची घडी घातली त्यानं
आणि माझ्याकडे पाहिलं. भोयरांकडे नाही.
माझ्याकडे.

दुकानात मी दहाचा उचलते,
चहा आणणाऱ्या पोराला म्हणते, उभा राहा बरं तिथं कडेला.
त्याचा कोपर दुधीएवढा होतो.
पोरगं खूश, आणखी काढा म्हणतं.
सोळाच्यात कोपर कोपराएवढाच,
शटरची कड सरळ,
फक्त काउंटरची डावी बाजू तुटली,
आणि दुकानदाराचे वडील,
ते निम्मेच आले.

हा द्या, म्हणते. सोळाचा.
जादा बॅटरी दोन, उन्हाळ्यासाठी.
स्टँड मात्र बुटका हवा,
संडासात मावला पाहिजे.
बिल सुकेशिनी पाझारे नावानं,
पाझारेतला झ झाडाचा.

भोयरांना काय सांगायचं
ते यवतमाळ ते राळेगाव बसमध्ये ठरवीन,
असं ठरवते आणि बसमध्ये दुसरंच करते:
खोक्यातून काढून पहिला फोटो घेते
समोरच्या सीटच्या पाठीचा.
रेक्झिनवर किल्लीनं कोरलेलं कुणाचं तरी नाव,
पुढची दोन अक्षरं.
बाकीचं फ्रेमबाहेर,
आणि मागे सरकायला
माझ्या पाठीशी जागा नाही.