सातवी बरगडी

सराफ्यात दिवसभर मी दुसऱ्यांच्या लेकरांचे कान टोचतो.
मांडीवर घट्ट धरलेलं डोकं, मामाच्या मुठीत गूळ,
रडं फुटायच्या आत माझी तार फिरलेली असते.
माझ्या चारूचा एकच टोचला.
डावीकडे शेंगदाण्याएवढी पाळी होती फक्त,
तिथं हात थांबला.

चष्मा लागला तेव्हा डावी काडी
तिची आई पिनेनं केसांत अडकवायची.

दहावं लागल्यावर डॉक्टर म्हणाले,
आता छाती भरलीय, बरगडीचं मऊ हाड पुरेल.
सहावी, सातवी, थोडी आठवी.
एक्स-रेच्या कोऱ्या फिल्मवर त्यांनी उजवा कान गिरवला,
कात्रीनं कापला, उलटा केला
आणि डावीकडे धरून पाहिला.
जोडीतली एक बाळी हरवली की
आम्हीही दुसरीवरून अशीच बेततो.

मी विचारलं, घट किती जाते?
ते हसले नाहीत.
कोरून उरेल तो तुकडा, म्हणाले,
छातीच्याच कातडीखाली ठेवून देतो. पुढे लागला तर असावा.
आमच्याकडे दुकानाचा केरसुद्धा झारेकरी विकत नेतो.
मला त्या माणसाचा भरवसा वाटला.

सहा तास लागले. पलासियाच्या त्या दवाखान्यात
मी खिशातला चिमटा चाचपत बसलो होतो.

नंतर कान फारसा दुखलाच नाही.
दुखली ती छाती.
"हसवू नका ना बाबा, कान दुखतो,"
आणि हात बरगडीवर.

त्या कानानं ऐकू येणार नाही, हे आधीच सांगितलेलं.
पट्टी सुटली त्या दिवशी धाकटा मल्हार आला,
नव्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ पुटपुटला.
काय रे? तर म्हणे, गुपित आहे,
इथं ठेवलं की कुणाला कळत नाही.

कान सोनारानंच टोचावेत म्हणतात.
या कानाला मात्र सोनाराची मनाई आहे, कायमची.
दाबाची कुडी घडवायला घेतली होती,
अर्धी झाली, तशीच पेटीत आहे.

काल रात्री दुकान वाढवलं,
आमच्या ओट्यावर गराडूवाल्यानं कढई मांडली.
चारू बघत उभी, चष्म्यावर वाफ.
तिनं तो काढला, ओढणीनं पुसला,
एका हातानं परत लावला,
दुसऱ्या हातात द्रोण.
काडी कानामागे बसली.
तिचं लक्षही नव्हतं. ती लिंबू मागत होती.