कसंही

शाळेनं चिठ्ठ्या टाकल्या, रुमानाच्या वाट्याला आली
‘बाजूनं’.
नववी ब, इंडियन स्कूल, जुबैल.
फळ्यावर विषय: युद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का.
तीन मिनिटं. अडीचला एक घंटा, तीनला दोन.

जेवणं झाल्यावर ती माझ्यासमोर उभी राहते,
मी मनगटावरचं घड्याळ बघत.
“परीक्षक महोदय, हिशोब साधा आहे.
लढाई लांबली असती तर मेले असते ते,
वजा मेले ते.”
वजाबाकी बरोबर असते. मी मान डोलावतो.
माझंही पोट आकड्यांवरच:
प्लांटमध्ये समुद्र येतो पंचेचाळीस हजार क्षारांचा,
बाहेर पडतो पंचवीसचा होऊन, आणि शहर पितं.
बाकीचं मीठ कुठं जातं, कुणी विचारत नाही.
जातं परत समुद्रातच,
जाड पाइपातून, पाण्याखालून, कोमट.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही.
ती जन्मायच्या आधीची, कुवेतच्या लढाईतली.
खिडकीच्या फटींवर तपकिरी चिकटपट्टी,
दाराखाली ओला पंचा,
बशीर मुकादम, मी आणि कोल्लमचा एक वेल्डर,
मास्क तीन, त्यातला एक लहान मुलाचा.
भोंगा झाला की जो तो आपापलं पुटपुटायचा.
सातव्या की आठव्या रात्री मी ओरडलो,
“संपवा रे एकदाचं! कसंही!”
बशीर म्हणाला, “कसंही म्हणजे?”
“म्हणजे मोठा टाका आणि मोकळे व्हा.”
“कुणावर?”
इतका पुढचा विचार
मी केला नव्हता.
भोंगा थांबला. बशीरनं चहा टाकला.
लहान मास्क कुणी घालायचा
हे त्या रात्रीही ठरलं नाही.

पुढं पंप बसवायला कावाशिमा आले. कोकुराचे.
जेटीवर डबा खाता खाता म्हणाले,
त्या सकाळी आमच्यावर ढग होता.
वरच्यांना खालचं दिसेना.
आई अंगणात काहीतरी वाळत घालत होती, काय ते आठवत नाही.
विमान पुढं गेलं.
त्या पुढच्या शहराचं नाव ते घेत नसत.
‘पुढचं गाव’ म्हणत, आणि भाताची शितं
एकेक करून वेचत.

रुमानाला दुसरं बक्षीस. स्टीलचा डबा.
‘विरुद्ध’ बोललेली अभिरामी पहिली आली,
शेवटी रडली म्हणून, असं रुमानाचं मत.
गाडीत बसल्यावर डब्याचं झाकण लावत, काढत,
“अब्बा, खरं सांगा, तुम्ही कुठल्या बाजूनं?”

मी म्हटलं, “आधी पट्टा लाव.”

बाहेर सप्टेंबर. नावालाही ढग नाही.
चिमण्या, टाक्या, शाळेची पिवळी बस,
छपरांवर वाळत घातलेले कपडे,
वरून पाहणाऱ्याला
सगळं स्वच्छ दिसेल अशी दुपार.