चाळणीचं हाड

पिर्ना गावात, एल्ब नदीच्या काठी,
जानेवारीतल्या काळ्या बर्फावर गेरलिंडबाई घसरल्या.
डोकं मागून आपटलं. रक्त नाही, टाके नाहीत.
उठल्या, पिशवीतली अंडी मोजली,
दोन फुटली होती,
आणि बेकरी उघडायला गेल्या.

भट्टी पेटवून मला म्हणाल्या,
"आज खमीर टाकायला विसरलास की काय रे?"
खमीर त्यांच्या नाकाखालीच
फसफसत होतं.

डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं:
नाकाच्या छपराला एक हाड असतं, टिचभर,
चाळणीसारखं भोकाभोकांचं.
भोकांतून शेवयांहून बारीक तंतू
वर मेंदूकडे जातात.
वास म्हणजे वस्तूचेच सुटलेले कण,
हवेवरून येतात, ओल्या पडद्यावर उतरतात,
कडी वाजवतात,
आणि तंतू निरोप वर नेतात.
तुमचा मेंदू आत एकदा हिंदकळला.
हाड हललं नाही. तंतू तुटले.

"चाळणीचं मला सांगू नका," बाई म्हणाल्या,
"चाळीस वर्षं पीठ चाळतेय."
मग ट्राम येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

जीभ शाबूत होती, हीच गंमत.
खारट खारट, आंबट आंबट,
साखर आपली गोड.
पण दालचिनी? गोडसर भुसा.
व्हॅनिला? काहीच नाही,
पांढरं, गुळगुळीत काहीच नाही.
घास चावताना घशामागून जो वर चढतो
तो वासच; त्याला आपण जन्मभर चव म्हणत आलो,
आणि जीभ बिचारी
दुसऱ्याच्या लग्नात मिरवत राहिली.
फक्त आलं झोंबायचं, पुदिना गार लागायचा;
तो कारभार वेगळ्या नसेचा.
त्या दिवसभर आलं चघळायच्या.
निदान कुणीतरी चिमटा काढतंय.

मार्चमध्ये राईचे बावीस पाव जळाले.
बाई भट्टीपासून दोन हातांवर हिशेब लिहीत होत्या.
मी रस्त्यापलीकडून धावत आलो, धुराच्या वासाने.
काळ्या पावांकडे पाहून ओरडल्या नाहीत,
पिठाच्या पोत्यावर बसल्या, विचारलं,
"माझ्या अंगाला वास येतो का?
आता हे मी कुणाला विचारायचं?"
मी म्हणालो, नाही येत.
थोडा येत होता.

चार बाटल्या मिळाल्या:
गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी.
सकाळ-संध्याकाळ, डोळे मिटून, प्रत्येकी वीस सेकंद.
तिथल्या पेशी पुन्हा जन्मतात, डॉक्टर म्हणाले,
पण नव्या तंतूला आपलं भोक सापडेलच असं नाही.
अंधारात दोरा ओवायचा,
आणि सुई कुठे आहे ते माहीत नाही.

बाटल्या मी धरायचो.
एकदा, का कोण जाणे, रिकामी बाटली पुढे केली.
बाईंनी दीर्घ श्वास घेतला, चेहरा सैलावला.
"गुलाब," म्हणाल्या.
मी झाकण लावलं. सांगितलं नाही.
आजपर्यंत नाही.

ऑक्टोबर. नाताळच्या श्टोलनसाठी
मनुका रममध्ये भिजत पडलेल्या.
मला खोली भरून वास, त्यांना ओले मणी.
तिसरी बाटली नाकाशी नेली
आणि बाई खुर्चीसकट मागे सरकल्या.
"शी! हे काय दिलंस? रबर जळतंय!
रबर, आणि वर कसलंतरी नासकं!"
मी चिठ्ठी वाचली. लवंग.

कुठलातरी तंतू वर पोचला होता,
चुकीच्या दारात, चुकीचा निरोप घेऊन.

नऊ महिन्यांनी त्यांनी नाक मुरडलं होतं.
तसंच मुरडलेलं, डोळ्यांत पाणी,
आणि हात पुढे:
"आण इकडे. परत."