फळा

एस.टी. थांब्याच्या लिंबाखाली काळा फळा आहे.
वीस वर्षं त्यावर मी लिहितो,
सकाळची पहिली गाडी यायच्या आत.
वर तारीख, खाली बोचेल असं एखादं वाक्य.
फळा पक्षाचा. खडूचे पैसे माझे.
गाव मला मास्तर म्हणतं. सातवी पास आहे मी,
म्हणतात ते अक्षरामुळे.

समोरच्या पक्षावर लिहिलं की
चिंधू ठेलेवाला खर्रा घोटता घोटता मोठ्यानं वाचायचा
आणि शेवटच्या शब्दाला पन्नीवर थाप द्यायचा.
ती थाप मला आठवडाभर पुरायची.

मंगळवारी लिहिलं:
'खैरीच्या नाल्यावर नारळ तीन, पूल शून्य.
फोडणारा हात आपलाच.'

चिंधूनं वाचलं. पुन्हा मनात वाचलं.
घोटत राहिला.

दहाला पोरं आली. मीच घोषणा शिकवलेली,
श्वास कुठं घ्यायचा, मूठ कुठं वळायची.
'काका, घरातली गोष्ट घरात बोला लागते ना.'
म्हटलं, घर कुठी हाय ते तं दाखवा,
चार वर्षं झाले बैठक नाई.
हापशीवर फडकं भिजवून आणलं होतं त्यांनी,
पण हात कुणी उचलेना.
शेवटी सगळ्यात लहान होता त्याला पुढं केलं.
अक्षरं गेली. पांढुरक्या डागात
'आपलाच' तेवढं वाचता येत होतं.

दुपारी दादाराव गावंडे आला, त्यांचा.
वीस वर्षं ज्याला मी रोज सोलला.
खांद्यावर हात ठेवला, चहा सांगितला.
'वा मास्तर! उघडले बाप्पा डोळे!'
पुसायच्या आधीच फोटो काढला होता त्यानं,
दिवे लागेपर्यंत तालुकाभर फिरला.
चहात दोन चमचे साखर होती.
मला शुगर आहे, हे आमच्या पोरांना ठाऊक आहे.

रात्री वेणू ताट वाढताना म्हणाली,
'तुमाले आताच काऊन सुचलं?'
भाजीत मीठ कमी होतं, तेवढंच बोललो.

दुसऱ्या नारळाच्या वेळी
तबक माझ्या हातात होतं.
खोबऱ्याचा तुकडा मीही खाल्ला,
आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं,
'शब्द पाळणारा नेता.'
तेव्हाही अक्षर असंच, ठसठशीत.

शुक्रवारी भाऊसाहेबांची गाडी लिंबाखाली थांबली.
काच अर्धी खाली आली.
कोऱ्या फळ्याकडे बघत म्हणाले,
'अक्षर लय सुंदर आहे हो तुमचं.
आपल्या बॅनरचं काम घ्या ना.'
काच वर गेली.
शिवी दिली असती तर
मी जेवलो तरी असतो त्या रात्री.

आज शनिवार. तारीख लिहिली.
खडू ओला होता, दोनदा मोडला.
मग लिहिलं:
'दुसऱ्या नारळाचं तबक मी धरलं होतं.'
आणि खाली, वीस वर्षांत पहिल्यांदा,
नाव. सुदाम लहानुजी झाडे.

गाडी आली. दोघी बाया उतरल्या,
चपला हातात घेऊन, लुगडं खोचून
नाल्याच्या वाटेला लागल्या.
चिंधूचा हात पन्नीवर थांबला होता.