हातभर

मी दुभाषी होतो, रोजंदारीवर.
साकोलीच्या लॉजवरून सकाळी गाडी निघताना
हान्ना मॅडम विचारायच्या, आज कोणता शब्द अडेल?
मी म्हणायचो, एकही नाही.
पहिल्याच दिवशी बेशरम अडली.

तलावातली ती जांभळट फुलांची झुडपं
बायकांनी कंबरभर चिखलात उभं राहून उपटलेली,
मी घाईत शब्दाला शब्द लावून दिला.
सहामाही अहवालात छापून आलं:
सोनारटोल्याच्या महिलांनी अकरा एकरांतला
निर्लज्जपणा मुळासकट काढला.
कुणी दुरुस्त केलं नाही.
मीही नाही.

प्रकल्पाला तीन पाय होते:
शेती, कारभार आणि प्रादेशिक सहकार्य.
तिसऱ्याचा फलक मीच लिहून दिला.
गावात त्याला पाहुणे म्हणत.

धान पोटरीला आलं तेव्हा पाळीवर सभा.
सतरंजीच्या या टोकाला कोहळी, त्या टोकाला ढिवर,
मध्ये मॅडम, आणि चहाच्या कपांचा ट्रे,
जो दोन्हीकडून कुणीच ओढत नव्हतं.
तुडुम उघडा, इकडून म्हणाले.
उघडा ना, पुस्तकलाबाई नान्हे उठल्या,
पन मासोरीले हातभर पानी ठेवा जी.
तेवढं त ठेवा.

मी सांगितलं: किमान जलपातळी.
मॅडमनी पेन काढलं. किती?
हातभर.
म्हणजे किती?
कोनाचा हात, ते पयले विचारा, उरकुडा कापगते बोलले,
माहा लावा, माहा आखूड आहे.
अख्खी पाळ हसली. चहा तेव्हा संपला.

टेप मी धरली.
कोपरापासून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत,
मध्ये गोंदणाचा विंचू, जाळ्याच्या दोरीचा जुना वळ,
बोट थोडं वाकडं, ते त्यांनी दुसऱ्या हातानं सरळ करून दिलं,
एक सूतही सोडायचं नव्हतं त्यांना.
त्रेचाळीस.
ठराव क्रमांक सात. सूचकाचा अंगठा, अनुमोदकाची सही.
सही करता करता कापगते पुटपुटले, लांब हाताची बाई आहे.
हे मी भाषांतरलं नाही.

तुडुमाजवळच्या दगडावर लाल रेघ आली.

पुढच्या वर्षी लाओसहून चौघी आल्या, पाहण्यासाठी.
त्यांचा प्रश्न तीन तोंडांतून फिरून पोचायचा
आणि वाटेत थोडा सांडायचा.
त्यांतली बुनमी नावाची बाई चप्पल काढून पाण्यात उतरली,
दगडाला हात लावून पाहिला.
तिचं बोट रेघेच्या अंगठाभर खाली थांबलं.
ती काही म्हणाली, तिचा माणूस काही म्हणाला,
माझ्यापर्यंत आलं ते असं: तुमचे मासे भाग्यवान.
पुस्तकलाबाई म्हणाल्या,
भाग्य कायचं? तीन वरस भांडलो.
मी इंग्रजीत सांगितलं, त्या आभार मानतात.

आजही ते माझ्या तोंडात खड्यासारखं आहे.

प्रकल्प संपला. लॉजच्या त्या खोलीत आता
मोबाईलचे कव्हर मिळतात. मी शिकवण्या घेतो.
मागच्या आठवड्यात पाटबंधारेवाल्या पोराचा फोन:
सर, सगळ्या तलावांचे आकडे गोल आहेत,
तुमच्या इथेच त्रेचाळीस का?
चाळीस नाही, पंचेचाळीस नाही. फाईलीत कारण नाही.

माझ्याकडे दोन भाषांत उत्तर तयार होतं, टिपांसकट.
म्हटलं, जाऊन विचार. पाळीवर असतील,
नसल्या तर पाण्यात.
दुपारी जाऊ नको, जाळं विणत असतात,
गाठ चुकली की शिव्या तुलाच.

त्यानं नाव दोनदा विचारलं.
पुस्तक, मी म्हणालो, पुस्तकातलं पुस्तक,
पुढे कला.
जसं आहे तसं लिही.