उंटाची पाठ

तासावर मजुरी, डिझेल तिचं.
ट्रॅक्टर माझा, केणी मेहुण्याची,
लेझरची तिपाई उर्गेंचहून भाड्यानं.
कालव्यापलीकडं चार हेक्टर, कापूस वेचून रिकामे,
आणि बांधावर ओयजमाल,
खांद्यावर केतमेन: रुंद पात्याची कुदळ,
इथं खोरेझमात बाईचा तिसरा हात.

"आधी ऐक," म्हणाली.
"ही उंटाची पाठ. पाणी इथं येतं,
वास घेतं, परत फिरतं.
तो वाडगा. त्यात कापूस पोहायला शिकतो.
आणि तुतीखालचा रुसका कोपरा,
दिवसा ऐकत नाही,
मध्यरात्री समजूत काढावी लागते."

चाळीस वर्षं दारं धरली तिनं या शेताला.
कंदील बांधावर, पाय चिखलात,
पाण्याला हाताला धरून सरीसरीत नेलं,
नव्या नवरीला घर दाखवावं तसं.

मी मान डोलावली आणि मापं घेतली.
भाचा काठी घेऊन दहा-दहा मीटरवर उभा राहत गेला.
उंटाची पाठ: अधिक अठरा.
वाडगा: उणे तेरा.
रुसका कोपरा: अधिक चार.
एवढाच रुसवा. चार सेंटिमीटर.
तिला नाही सांगितलं.

केणी खाली घेतली.
वर मिठाचा पांढरा पापुद्रा, आत तपकिरी ओल,
पात्यावरून माती गुंडाळत आली
तंदुरात थापायच्या कणकेसारखी.
पेटी भरली की उचलायची,
वाडग्यावर सोडायची, पातळ, चालता चालता.
लेझर फिरतो पण दिसत नाही.
खांबावरचा डोळा त्याला पाहतो,
पातं आपसूक वर, आपसूक खाली.
मी फक्त सरळ जातो.

माझा बाप हेच काम नजरेनं करायचा.
ऊन तिरपं झालं की जमिनीवर आडवा व्हायचा,
गाल मातीला, एक डोळा मिटलेला.
त्याची शेतं कधीच सपाट नव्हती.
त्याला दिसायची.

तीन दिवस. फुफाटा नाकात, पावात, चहात.
तिसऱ्या दुपारी उंटाच्या पाठीतून
एक गंजकं पातं वर आलं, दांडा कुजून गेलेला.
ओयजमालनं डोक्याच्या रुमालानं पुसलं.
"सासूचं," म्हणाली.
"मीच हरवलं म्हणून वर्षभर बोलली नव्हती."
ते तिनं तुतीच्या बेचक्यात ठेवलं,
आणि पुन्हा बांधावर, माझ्यावर लक्ष ठेवायला.

फेब्रुवारीत मीठ धुवायचं पाणी सुटलं.
रात्री तिचा फोन: "ये."
चंद्र नव्हता. पायाखाली नुसता थंडगार चकाकता पत्रा,
चारही कडांना एकाच वेळी टेकलेला.
ती रुसक्या कोपऱ्यात उभी होती.
"माझ्या आधी पोचलं," म्हणाली.
कंदिलाची वात उगाच खालीवर केली.
"आता रात्री मी करू काय?"
"झोपा की."
तिनं माझ्याकडं पाहिलं,
शेजाऱ्याच्या कुत्र्याकडं पाहतात तसं.

जुलैत उरलेले पैसे आणायला गेलो.
कापूस मांडीला लागत होता.
मधोमध मात्र गुडघ्याइतका, पिवळट,
एका लांबट, फुगीर आकारात.
अठरा सेंटिमीटर कापले तिथला कस
सगळा वाडग्यात गेलेला.
जमीन सपाट होती. पीक नव्हतं.

मी घाईघाईनं सांगू लागलो:
शेणखत, दोन हंगाम, तिसऱ्यात भरून येईल.
ती ऐकतच नव्हती. तिच्या तोंडावर
खूप दिवसांनी कुणी भेटल्यासारखं काहीतरी.
"उठला नाही अजून," म्हणाली.
"उंट आहे तो. बसला की बसला."

मग शेणाची पाटी कमरेवर घेतली,
खांद्याला केतमेन,
आणि त्याला चारायला सरीत उतरली.
"पैसे बशीखाली ठेवलेत," लांबून ओरडली,
"मोजून घे."