मिशी क्रमांक अकरा

बुटांच्या खोक्यात सदतीस मिशा आहेत,
प्रत्येकीच्या पाठीला माझ्या अक्षरातली चिठ्ठी.
अकरा नंबरची थिओ लाफ्रेनिएरची.
याकच्या केसांची, डावीकडे किंचित झुकलेली,
कारण त्याचा वरचा ओठच तसा होता,
जन्मापासून जरा विचारात पडलेला.

मी तेव्हा टोरोंटोच्या स्टुडिओत कपडेपट सांभाळायचे.
बुडापेस्टहून निघताना सुई तेवढी आणलेली,
भाषा इथे घेतली, हप्त्याहप्त्याने.
विनोद कळायला आणखी आठ हिवाळे गेले.
थिओचे मात्र पहिल्याच दिवशी कळले.
त्यात शब्द कमी आणि थांबणं जास्त, म्हणून असेल.

डिंक वाळेपर्यंत हसायला बंदी.
त्या सात मिनिटांत, ओठ न हलवता,
त्याने मला सडबरी सांगितलं:
काळे पडलेले खडक, निकेलची खाण,
रात्री टेकडीवर डबे उलटे करणारी आगगाडी,
आणि उतारावरून ओघळणारा तो लालभडक रस बघायला
गाड्या लावून बसलेली कुटुंबं,
मांडीवर बटाट्याचे काप, व्हिनेगरचा वास.
‘आमचं थिएटर,’ तो म्हणाला. ‘तिकीट नव्हतं.’

बाप पाळीवरून आला की हा स्टुलावर चढून
मुकादमाची नक्कल करायचा,
हुकूम इंग्रजीत, शिव्या फ्रेंचमध्ये.
बाप हसायचा, आणि हसता हसता खोकला लागायचा,
खाणीच्या तळातून वर ओढल्यासारखा.
थिओ थांबायचा. हात हवेत, एक पाय उचललेला.
खोकला ओसरला की पुढचं वाक्य.

मग चर्चच्या तळघरातला क्लब,
माणसांपेक्षा खुर्च्या जास्त.
मग टीव्ही, शनिवारी रात्री, तीन वर्षं.
त्यातला तो माणूस अजून काहींना आठवतो:
जुलैत दुकानाच्या काउंटरवर
हिवाळा परत करायला आलेला.
बाहीतून बर्फ गळतोय, हातात पावती.
‘फारसा वापरला नाही हो.
बायकोला रंग आवडला नाही.’
काउंटरपलीकडे वेल्मा ओस्तापचुक, दगडी चेहऱ्याने:
‘उघडलेला माल परत घेत नाही.’
मग तो थांबायचा.
एका समीक्षकाने घड्याळ लावलं: चार सेकंद.
त्यावर त्याने अख्खा रकाना लिहिला.
मूस जॉमधल्या एका हार्डवेअरवाल्याने तर
खरीच पाटी टांगली, हिवाळा परत घेतला जाणार नाही.

बाप गेला तो गुरुवार होता.
शनिवारी थिओ आला, खुर्चीत बसला, ओठ पुढे केला.
मी डिंक लावला. तो काही बोलला नाही.
त्या रात्री चार सेकंद झाले, पाच झाले,
दिग्दर्शक कानातल्या यंत्रात ओरडत होता,
नऊ.
लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते.
मी पडद्याआड टाचण्यांची उशी धरून उभी.
खोकला आलाच नाही, तर माणसाने
पुढचं वाक्य कधी बोलायचं?

पुढचं भराभर सांगते.
कार्यक्रम बंद झाला. टेपा पुसल्या,
त्यांच्यावर हॉकीचे सामने भरले.
लॉस एंजेलिसला दोन वर्षं राहून आला,
म्हणाला, तिथे कुणाला कोटच लागत नाही,
आपण काय काढून ठेवायचं?
मग बर्फातल्या टायरांची जाहिरात, सोळा हिवाळे.
लग्न एक. तेही पावतीशिवाय, हे त्याचंच वाक्य.

परवा सडबरीला गेले, बसने, साडेपाच तास.
वृद्धाश्रमाच्या खिडकीतून ती टेकडी दिसते,
आता तिच्यावर गवत लावलंय.
त्याने मला ओळखलं नाही.
मी खोकं उघडलं, अकरा नंबर काढली,
डिंक नव्हता, ओठावर नुसती धरली.
त्याचा हात हवेत उठला.

परिचारिका हळूच म्हणाली, विसरतात हो ते मधेच.
मी तिला बोटानेच गप्प केलं.
बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी खोकत होतं.